औषध पोहोचवणारी लाल पेशी: आशा ठेवा, कर्ज काढू नका

गेल्या महिन्यात रविवारच्या वंदनेनंतर विहारात आमची आरोग्य बैठक होती. बीपी तपासून झाले, साखर तपासून झाली, लोक पांगले. एक ताई मात्र मागे थांबल्या. त्यांचा मुलगा अकरा वर्षांचा, सिकलसेलचा एसएस रुग्ण. त्यांनी मोबाइल पुढे केला. व्हिडिओत एक लाल पेशी शिरेतून धावत होती, तिच्या पोटात औषध भरलेले होते आणि नेमक्या दुखऱ्या जागी जाऊन ती ते सोडत होती. पाठवणाऱ्या माणसाने फोनवर सांगितले होते, 'परदेशी तंत्र आहे. मुलाच्याच रक्तात औषध भरून परत देतात. दुखणे मुळातून जाते. नाव नोंदवायला चाळीस हजार.' ताईंनी कानातले किती वजनाचे, बचत गटातून किती उचलता येतील, असा हिशेबही मांडून ठेवला होता.

आम्ही म्हणालो, "पैसे देऊ नका."

त्यांनी लगेच विचारले, "म्हणजे हे खोटं आहे का, सिस्टर?"

इथे आम्ही अडखळलो. 'खोटे' म्हणून सुटता आले असते, पण ते खरे उत्तर नव्हते. लाल पेशीत औषध भरण्याची विद्या खरी आहे, पन्नास वर्षे जुनी आहे आणि तिच्यावर मोठमोठ्या प्रयोगशाळांत काम झाले आहे. खोटा होता तो त्या माणसाचा बाजार. खऱ्या विद्येच्या नावावर चालणारा खोटा बाजार ओळखायचा असेल, तर आधी ती विद्या समजून घ्यावी लागते. म्हणून हा लेख.

औषधाची खरी अडचण कुठे आहे ते आधी पाहू. गोळी पोटातून रक्तात जाते, इंजेक्शन थेट रक्तात जाते आणि रक्त अंगभर फिरते. म्हणजे औषध जिथे हवे तिथे पोहोचते, आणि जिथे नको तिथेही. एका घरी निरोप द्यायचा म्हणून अख्ख्या वस्तीत भोंगा फिरवावा, तसा हा प्रकार. वॉर्डात काम करताना आम्ही हे रोज पाहिले. कॅन्सरचे औषध गाठीवर जायचे, तसे केसांच्या मुळांवर आणि तोंडाच्या आतल्या त्वचेवरही जायचे. केस गळायचे, तोंड सोलून निघायचे. स्टेरॉइड दीर्घकाळ घेणाऱ्या मुलांचे चेहरे सुजायचे, साखर वाढायची, वाढ खुंटायची. त्यात शरीराचे पहारेकरी, म्हणजे भक्षक पेशी, काही औषधांना परके समजून तासाभरात खाऊन टाकतात. मग डोस वाढवा, आणि डोसाबरोबर त्रासही वाढवा.

शास्त्रज्ञांनी विचार केला, की शरीर ज्याला परके मानणार नाही असा एखादा निरोप्या मिळाला तर? तो निरोप्या शरीरातच होता.

आपल्या अंगात सुमारे पंचवीस लाख कोटी लाल पेशी आहेत. अस्थिमज्जेत जन्मलेली पेशी सुमारे १२० दिवस फिरते. तिच्यात केंद्रक नसते, म्हणून आत माल ठेवायला जागा भरपूर. तिचा आकार मधे दाबलेल्या पेढ्यासारखा, आणि अंग इतके लवचिक, की स्वतःहून बारीक केशवाहिनीतून ती वाकून निघून जाते. या सगळ्यात मोलाचे आहे ते तिचे बाहेरचे पातळ आवरण. त्याला पटल म्हणतात. त्या पटलावर काही प्रथिने असतात. त्यातले सीडी-४७ नावाचे प्रथिन भक्षक पेशीला सांगते, 'मी घरचीच आहे, मला खाऊ नकोस.' म्हातारी, कडक झालेली किंवा खराब झालेली पेशी मात्र प्लीहा आणि यकृतातले पहारेकरी ओळखतात आणि मोडीत काढतात.

आता या पेशीत औषध भरायचे कसे? नर्सिंगला गेलेल्या प्रत्येक मुलीला पहिल्या वर्षी बजावतात, की शिरेतून नुसते डिस्टिल्ड वॉटर कधी सोडायचे नाही. का? कारण साध्या पाण्यात लाल पेशी पाणी शोषून फुगतात आणि फुटतात. हीच गोष्ट बेताने, मोजून मापून केली, तर ती भरण्याची युक्ती ठरते. पेशी कमी मिठाच्या द्रवात ठेवली की फुगते आणि पटलाला बारीक छिद्रे पडतात. त्या क्षणी बाहेरचे औषध आत शिरते. मग मिठाचे प्रमाण पुन्हा नेहमीसारखे केले की छिद्रे मिटतात आणि औषध आत कोंडले जाते. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी या रीतीने लाल पेशींत एन्झाइम भरून दाखवले. पेशी पूर्ण रिकामी केली, आतले हिमोग्लोबिन वाहून गेले, तर उरते ते फिकट, पोकळ कवच. शास्त्रज्ञ त्याला पेशीचे 'भूत' म्हणतात. हे भूत कामाचे असते, कारण त्याच्या अंगावर घरच्या ओळखीच्या खुणा शिल्लक असतात.

पुढची युक्ती अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातली. तिथल्या लियांगफांग झांग यांच्या चमूने २०११ मध्ये लाल पेशीचे पटल सोलून काढले आणि औषध वाहणाऱ्या अतिसूक्ष्म कणांवर पांघरले. हे कण इतके बारीक, की शंभराच्या आसपास ओळीने मांडले तर एका लाल पेशीची रुंदी भरेल. घरचे पांघरूण घेतलेले हे कण उंदरांच्या रक्तात उघड्या कणांपेक्षा कितीतरी जास्त वेळ टिकले. २०१३ मध्ये त्याच चमूने याच कणांचा स्पंजसारखा उपयोग केला. गळवात पू करणारा स्टॅफिलोकोकस जंतू एक विष सोडतो, ते लाल पेशींना भोके पाडते. पटल पांघरलेल्या कणांना ते विष लाल पेशी समजून चिकटले आणि अडकले. ज्या उंदरांना हे कण आधी दिले, त्यांतले बहुतेक मारक मात्रेतूनही वाचले.

पण व्हिडिओवाले इथे एक मोठी लबाडी करतात. पांघरूण घेतल्याने कण लपतो. नेमक्या जागी जातो असे नाही. लपणे वेगळे आणि पत्ता सापडणे वेगळे. पत्ता हवा असेल तर पटलावर त्या विशिष्ट पेशीला धरणारे प्रथिन वेगळे जोडावे लागते, किंवा शरीराच्या स्वतःच्या वाटा वापराव्या लागतात. उदाहरणार्थ, पेशी मुद्दाम थोडी कडक केली तर ती आपोआप यकृतात आणि प्लीहेत जाते, कारण म्हाताऱ्या पेशींची ती वाटच आहे. औषधाचे कण लाल पेशींच्या पाठीवर नुसते चिकटवून हाताच्या शिरेतून सोडले, तर पुढे लागणाऱ्या पहिल्या दाट जाळ्यात, म्हणजे फुफ्फुसात, ते घासून सुटतात. हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. 'दुखऱ्या जागी जाऊन फुटणारी पेशी' हे चित्र आज तरी संगणकावर काढलेले चित्रच आहे.

मग माणसांवर काय झाले? आमच्या मते प्रत्येक घराने समजून घ्यावा असा भाग हाच आहे.

पहिले उदाहरण फ्रान्समधल्या लियों शहराच्या एरिटेक कंपनीचे. ब्लड कॅन्सरच्या मुलांना अ‍ॅस्परॅजिनेज हे औषध देतात. कॅन्सरच्या पेशींना जगायला लागणारे एक द्रव्य ते रक्तातून संपवते. औषध चांगले, पण काहींना त्याची जोरदार अ‍ॅलर्जी येते. या कंपनीने ते दात्याच्या लाल पेशीत बंद केले. द्रव्य पटलातून आत जाते आणि आतच नष्ट होते, औषध बाहेर पडतच नाही. कल्पना किती सुंदर! पुढे स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठी पाचशेहून अधिक रुग्णांवर मोठी चाचणी झाली. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीला जाहीर करावे लागले, की ज्यांना हे औषध दिले ते न दिलेल्यांपेक्षा ठरवलेल्या मापाने जास्त जगले नाहीत.

दुसरे उदाहरण इटलीचे. अ‍ॅटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया हा मुलांचा दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे. त्यात तोल जातो, बोलणे अडखळते, काही वर्षांत खुर्ची लागते. उर्बिनो विद्यापीठातल्या संशोधनातून उभ्या राहिलेल्या एरिडेल कंपनीने मुलाचेच थोडे रक्त काढून, त्याच्या लाल पेशींत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड भरून, काही तासांत परत देण्याचे यंत्र बनवले. हे महिन्यातून साधारण एकदा करायचे. पेशी फिरत राहते आणि औषध हळूहळू झिरपत राहते. बारा देशांतल्या सुमारे पावणेदोनशे मुलांवर चाचणी झाली, त्यात आपल्या देशातली केंद्रेही होती. निकाल असा, की स्टेरॉइडचा नेहमीचा त्रास, म्हणजे चेहरा सुजणे, साखर आणि रक्तदाब वाढणे, दिसला नाही. पण आजार सुधारण्याचे जे मुख्य माप ठरवले होते, ते साधले नाही. लहान वयाच्या मुलांत थोडा फायदा दिसल्यासारखा वाटला, पण 'वाटला' हा नव्या चाचणीचा आरंभ असतो, विक्रीचा परवाना नसतो.

काही जण हे वाचून म्हणतील, 'म्हणजे फसलेच की सगळे.' आम्ही तसे म्हणत नाही. ज्यांनी वर्षानुवर्षे काम केले, पैसा ओतला आणि शेवटी 'आमचे औषध मापाला उतरले नाही' असे जगासमोर लिहून दिले, ते फसवणारे नव्हेत. आधी माप ठरवायचे, मग मोजायचे, आणि उत्तर नावडते आले तरी ते लपवायचे नाही, यालाच विज्ञान म्हणतात. उलट आमच्या ताईंना फोन करणाऱ्याकडे माप नव्हते, नोंद नव्हती, कागद नव्हता. त्याच्याकडे फक्त व्हिडिओ होता आणि खाते क्रमांक होता.

आता सिकलसेलबद्दल स्पष्ट बोलू, कारण लाल पेशीच्या नावाने आपल्याच घरांवर जाळे टाकले जाते. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. विदर्भातल्या आदिवासी आणि बौद्ध कुटुंबांत हा आजार मोठ्या प्रमाणात आहे, हे आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको. या आजारात बिघाड असतो तो पेशीच्या आतल्या हिमोग्लोबिनमध्ये. तो बिघाड आईवडिलांकडून आलेल्या जनुकात असतो आणि अस्थिमज्जा दररोज तशाच नव्या पेशी बनवत असते. निरोगी लाल पेशी १२० दिवस जगते, सिकल पेशी दहा ते वीस दिवसांत मोडते. मग मुलाचे थोडे रक्त काढून, त्यात काहीतरी भरून परत दिले, तर 'मुळातून' काय जाणार? मूळ तर मज्जेत आहे. शिवाय आधीच नाजूक असलेल्या पेशी फुगवण्याचा खेळ कोणत्या खोलीत, कोणत्या स्वच्छतेत करणार? रक्त बाहेर काढून परत देताना जंतू शिरले, तर मूल दुखण्याने नाही, त्या जंतूंनी जाईल.

आज जे हाताशी आहे ते साधे आहे, पण सिद्ध झालेले आहे. सोल्युबिलिटी चाचणी, आणि ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस. रुग्णाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सीयुरिया, फॉलिक अ‍ॅसिड, लसी आणि वेळोवेळी रक्ततपासणी. भरपूर पाणी. ताप आला तर घरी वाट न पाहता दवाखाना. दोन्ही जोडीदार वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता चारात एक, हे लग्नाआधी कळायला हवे. केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झाले, २०४७ हे उद्दिष्ट ठेवले, भर आदिवासी भागांवर दिला. तो हवाच. पण शहरातल्या वस्तीत राहणारे वाहकही तपासणीच्या यादीत आले पाहिजेत, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

आमच्याच काही कार्यकर्त्यांनी आम्हाला विचारले, 'नळाला पाणी नाही, आणि तुम्ही वस्तीला नॅनोकण काय शिकवता?' प्रश्न रास्त आहे. पण जे शिकत नाहीत त्यांच्या वाट्याला दोनच गोष्टी येतात. एकतर त्यांच्यावर न विचारता प्रयोग होतो, नाहीतर प्रयोग यशस्वी झाल्यावर त्यांना औषध परवडत नाही. २००९-१० मध्ये आंध्र प्रदेश आणि गुजरातमध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरोधी लसीचा प्रकल्प झाला. आंध्रात कितीतरी आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात त्यावर कडक ताशेरे मारले. लस वाईट नव्हती. न विचारता टोचणे वाईट होते.

म्हणून चाचणीला घाबरू नका, पण चाचणी कशी असते ते ओळखा. खऱ्या चाचणीला नैतिकता समितीची परवानगी असते आणि भारताच्या चाचणी नोंदवहीत तिचा क्रमांक असतो. संमतीपत्र तुम्हाला कळेल त्या भाषेत असते आणि ते घरी नेऊन चार लोकांना दाखवायची मुभा असते. समजत्या वयाच्या मुलालाही विचारतात. मधेच बाहेर पडायचे म्हटले तर कोणी अडवू शकत नाही. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. आणि ही एक खूण पक्की लक्षात ठेवा: चाचणीतले औषध रुग्णाला विकत घ्यायला लावत नाहीत. 'प्रयोग आहे' म्हणणारा पैसे मागत असेल, तर तो प्रयोग नाही. 'सिद्ध झालेले आहे' म्हणत असेल, तर कोणत्या सरकारी मान्यतेने, त्याचा कागद मागा. दोन्हीपैकी काहीच दाखवता येत नसेल, तर फोन ठेवून द्या.

शेवटी एक गोष्ट, आणि आमच्या मते ती सर्वांत महत्त्वाची. गोळी कारखान्यात बनते. लाल पेशी अजून तरी कोणाच्या तरी दंडातूनच यावी लागते. लियोंच्या त्या औषधालाही कुणा दात्याचे रक्त लागले. उद्या ही विद्या मापाला उतरली, आणि ती उतरावी असे आम्हाला मनापासून वाटते, तर तिचा कच्चा माल रक्तपेढीतून येईल. आणि रक्तपेढी कोण भरते? चौदा एप्रिलला आणि सहा डिसेंबरला आपल्या वस्त्यांतली पोरे रांग लावून रक्त देतात. आपल्या देशात रक्त विकायला बंदी आहे. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलियाच्या रुग्णांना रक्त मोफत द्यायचे, असा नियम आहे. मग दान म्हणून दिलेल्या रक्ताच्या पेशीत औषध भरले की ती लाखांची बाटली होणार का, आणि दात्याच्याच घरातल्या रुग्णाला ती नाकारली जाणार का? हा प्रश्न औषध बाजारात आल्यावर विचारून उपयोग नाही. सरकारी रक्तपेढ्या, सरकारी प्रयोगशाळा आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालये या कामात आत्तापासून हवीत. तरच उद्या त्या औषधाच्या किमतीवर लोकांचा शब्द चालेल.

त्या ताईंनी पैसे दिले नाहीत. दुसऱ्या दिवशी आमच्यासोबत त्या सरकारी रुग्णालयात आल्या. मुलाचे हायड्रॉक्सीयुरिया मधे तीन महिने बंद पडले होते. गोळ्या संपल्या तेव्हा मजुरी बुडवून रांगेत उभे राहणे जमले नव्हते. ते पुन्हा सुरू झाले. धाकट्या मुलीची तपासणी कधी झालीच नव्हती, तीही झाली. ती वाहक निघाली.

परत येताना बसमध्ये त्यांनी विचारले, "ते लाल पेशीचं औषध खरंच कधी येईल का, सिस्टर?"

आम्ही म्हणालो, "येईल तेव्हा व्हिडिओतून नाही, दवाखान्यातून येईल. तोवर याची गोळी चुकवू नका."